बाई घेतली, बैठक विसरली: जामखेडच्या गावकार्यकर्त्यांचं प्रकरण

सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर एक लहानसा तक्ता हटकून येतो. अर्भकमृत्यूचा दर, म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं. १९७१ साली १७६. १९७६ साली ५२. १९८६ साली ४९. १९९६ साली २६. ही गावं जामखेड परिसरातली आणि आकडे तिथल्या सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने ठेवलेले.

शिकवणारे सहसा पहिल्या उडीवर रेंगाळतात, आणि ते साहजिक आहे. पाच वर्षांत १७६ वरून ५२, तेही शंभर एक खाटांचं रुग्णालय किंवा डॉक्टरांची फौज नसताना. मी मात्र तिसऱ्या आकड्यापाशी अडकतो. पुढच्या दहा वर्षांत फक्त तीनाने घट, आणि नेमक्या याच दहा वर्षांत जामखेडचं नाव जगभर झालं. म्हणजे हे प्रकरण वाचायचं तर दोन प्रश्न एकत्र घ्यावे लागतात: पहिल्या पाच वर्षांत काय जमलं, कोणी जमवलं, आणि मग काय अडलं.

कागदोपत्री जामखेड ही दोन डॉक्टरांनी उभी केलेली नोंदणीकृत संस्था. पण गावात काम दिसायचं ते तीन गोष्टींतून: तरुण शेतकऱ्यांची मंडळं, महिला मंडळं आणि गावाने निवडलेली एक बाई. यातलं बहुतेक काम बिनपगारी होतं किंवा ज्याला पगार म्हणवणार नाही इतक्या मानधनावर होतं. संस्थेचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मला इथे या गावपातळीवरच्या माणसांचा इतिहास मांडायचा आहे.

तालुका

जामखेड नगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड आणि धाराशिवच्या सीमेला चिकटलेला. अहिल्याबाई होळकरांचं चौंडी याच तालुक्यात. त्यांच्याच नावाने आता जिल्हा अहिल्यानगर झाला. १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते खर्डाही इथलंच. इतिहास भरपूर, पाऊस मात्र नाही. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला हा पट्टा. ज्वारी आली तर आली, नाही तर दिवाळीनंतर बैलगाड्या जोडून साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला जायचं. अर्धं गाव वर्षातले काही महिने गावात नसतंच. आरोग्याची कोणतीही योजना आखताना हे आधी लक्षात घ्यावं लागतं, कारण पोर आजारी पडतं ते फडावरच्या कोपीत, आणि लसीची तारीख येते तेव्हा घराला कुलूप असतं.

डॉ. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले. डॉ. मेबल या मूळच्या जबलपूरच्या. दोघांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतलं, १९६० साली लग्न केलं आणि खेड्यात काम करायचं असं ठरवूनच संसार मांडला. सुरुवातीला ते नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते. रुग्णालय भरलेलं असायचं, नाव झालं होतं. पण तेच आजार, त्याच घरांतून, पुन्हा पुन्हा येत. बरं करून पाठवलेलं मूल चार महिन्यांनी त्याच दूषित पाण्याने पुन्हा खाटेवर. हा हिशेब काही जमेना म्हणून दोघं अमेरिकेला गेले. तिथे आधी रुग्णालयीन प्रशिक्षण झालं, मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण. परत येताना त्यांच्याकडे जिनिव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनचं पाठबळ होतं, आणि एक अटही होती, स्वतःच स्वतःला घातलेली: जिथले लोक बोलावतील तिथेच जायचं.

जामखेडने बोलावलं. सप्टेंबर १९७० मध्ये काम सुरू झालं ते वापरात नसलेल्या गुरांच्या दवाखान्यात. सुरुवातीला मोजकी आठ गावं, पुढे तीस गावं आणि ४०,००० लोकवस्ती.

त्या वेळच्या पाहणीतले आकडे असे: बाळंतपणाआधी तपासणी झालेल्या बाया शंभरात अर्धी, म्हणजे दोनशेत एक. लसीकरणाचं प्रमाण साधारण तेवढंच. पाच वर्षांखालची ४० टक्के मुलं कुपोषित. कुष्ठरोग आणि क्षय घरोघर लपवलेले.

व्हॉलीबॉल आणि हापसा

डॉक्टर आले की गाव दवाखाना मागतं. लसीकरण, शोषखड्डा, शौचालय हे कोणी मागत नाही. आरोळ्यांनी दवाखाना चालवलाच. शस्त्रक्रिया, बाळंतपणं, विंचूदंश, सगळं. पण गावात शिरायला त्यांनी जी वाट काढली ती आरोग्यखात्याच्या कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही. संध्याकाळी गावात जाऊन तरुण पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळायचं.

हे वाचायला गमतीचं वाटतं, पण जरा विचार करा. १९७० च्या खेड्यात वेगवेगळ्या जातींचे तरुण एकत्र बसून जेवणार नाहीत, एका पारावर बसणार नाहीत. मैदानात मात्र सहा-सहाचे दोन संघ करायचे तर पोरं लागतात, आणि चेंडूला कोणाचाही हात लागतो. खेळ झाला की घाम पुसत बोलणं व्हायचं. आधी पिकाचं, बियाण्याचं, कर्जाचं. गावकऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न आरोग्याचा नव्हताच. पाण्याचा आणि भाकरीचा होता. या गप्पांतून तरुण शेतकरी मंडळं आकाराला आली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्यांच्या घरात त्या पिढीची माणसं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको: खडी फोडायची कामं, परदेशातून आलेला लाल मिलो, सुकडी. जामखेडमध्ये सामुदायिक स्वयंपाकघरं चालली, लहान मुलं आणि गरोदर बायांसाठी. चूल पेटवणं, धान्य आणणं, हजेरी ठेवणं, कोणाचं पोर सर्वांत खंगलंय ते पाहणं, ही कामं मंडळांच्या पोरांनी अंगावर घेतली. संस्थेच्या इतक्या थोड्या माणसांना ते शक्यच नव्हतं. स्वयंसेवक हा शब्द आपल्याकडे उगाच कुठेही चिकटवतात; इथे त्याचा अर्थ अगदी साधा होता. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेला माणूस संध्याकाळी गावातल्या पोरांच्या दंडांचे घेर मोजत होता.

पाण्याची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, आणि मला ती या साऱ्या प्रकरणातली सर्वांत धूर्त चाल वाटते. विंधन विहिरी घ्यायच्या होत्या. जागा कुठली, हा गावात नेहमीचा भांडणाचा विषय. पाटलाच्या वाड्याजवळ की देवळाजवळ. दलित वस्ती गावकुसाबाहेर, आणि तिथल्या बायांना गावातल्या आडावर हात लावायची सोय नाही. कोणी वरून ओतेल तेव्हा घागर भरायची. आरोळ्यांनी भूगर्भाच्या जाणकाराला हाताशी धरलं आणि शक्य तिथे बोअर दलित वस्तीत घ्यायला लावला. पाणाड्या नारळ हातावर धरून जागा सांगतो ते गाव मुकाट ऐकतं. इथे पाणाड्याच्या जागी शास्त्र आलं एवढंच. पाणी लागलं. हापसा बसला. आता सगळ्या गावाला पाण्यासाठी तिकडे जाणं भाग पडलं.

हेच पाणी रोगप्रतिबंधाचंही होतं. उघड्या आडाऐवजी झाकलेल्या बोअरचं पाणी प्यायल्यावर जुलाब, नारू, कावीळ यांचं काय होतं ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण जातीच्या भिंतीला भाषणाने जे झालं नसतं ते हापशाच्या जागेने थोडंफार झालं. थोडंफारच म्हणतो, कारण जात काही हापशाने जात नाही. पाणी भरून झाल्यावर प्रत्येक जण आपापल्या आळीतच परततो.

नर्सबाई टिकेना

मूळ योजना अशी होती की गावोगाव प्रशिक्षित नर्स ठेवायच्या. कागदावर योजना निर्दोष. प्रत्यक्षात दोन वर्षांतच ती कोलमडली. शहरातून शिकून आलेली एकटी तरुण मुलगी गावात राहायला तयार नसते, आणि राहिली तरी तिच्याकडे सहज कोणी येत नाही. तिची भाषा निराळी, नेसणं निराळं, आणि तिला सांगितलेलं घरातलं गुपित कुठे जाईल याची खात्री नाही. कुटुंबनियोजन तर सोडाच, बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा तिला शिरू देत नसत.

मग गावातलीच बाई घ्यावी, हा विचार पुढे आला. निवड गावाने करायची. निवडल्या गेलेल्या बायांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. अनेक जणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा, वयाने तिशी-चाळिशीच्या. म्हणजे ज्यांच्याकडे गावाने आजवर कोणत्याही बाबतीत सल्ला मागितला नव्हता नेमक्या त्या.

याचं कौतुक करताना एक गोष्ट झाकली जाते. गावाने अशाच बायांची निवड का केली? उदात्त कारण एक: त्यांना गरज होती, त्यांच्यात कळकळ होती. व्यवहारी कारण दुसरं: हे काम मानाचं आहे असं सुरुवातीला कोणाला वाटलंच नसणार. पुसापुशी, बाळंतपणं, लहान मुलांची घाण. परंपरेने हे काम कोणाकडे होतं ते आपल्याला ठाऊक आहे. सुईण बहुधा खालच्या मानलेल्या जातीतलीच. तेव्हा या निवडीत जुनी उतरंडही होती. कामाचा मान नंतर आला, तो त्या बायांनी कमावला, आणि त्यासाठी त्यांना दुसऱ्या कोणत्याही कामगारापेक्षा जास्त राबावं लागलं.

बैठक

आता मूळ मुद्दा. या बायांना शिकवलं कसं?

एकदाच तीन महिन्यांचं प्रशिक्षण, शेवटी प्रमाणपत्र आणि पेटी, असं काही झालं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या आणि परत जायच्या. पुन्हा पुढच्या आठवड्याला, वर्षानुवर्षं. शिकवण्याची बाजू मुख्यतः डॉ. मेबल यांनी सांभाळली. लिहिता-वाचता येत नसल्यामुळे सगळं तोंडी: गाणी, गोष्टी, नकला, प्रश्नोत्तरं. या आठवड्यात गावात काय घडलं ते प्रत्येकीने सांगायचं. एखादं मूल दगावलं असेल तर त्याची गोष्ट सगळ्यांसमोर उलगडायची. ताप कधी आला, कोणाकडे नेलं, कुठे वेळ गेला. वैद्यकीय महाविद्यालयात मृत्यूच्या चर्चेसाठी प्राध्यापक बसतात. इथे त्या चर्चेला मजुरी करणाऱ्या बाया बसत.

शिकवलेल्या गोष्टी तशा थोड्याच, पण अडीनडीला पुरतील अशा. जुलाब लागले की पोराचं पाणी तोडायचं ही खेड्यातली जुनी रीत. त्याऐवजी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोटघोट पाजत राहायचं. नाळ कापायला उकळलेलं नवं ब्लेड. गरोदरपणात धनुर्वाताची लस. पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं नाही, बाळाला पाजायचं. पोटुशीने कमी खाल्लं की बाळंतपण सोपं जातं, ही समजूत काढून टाकायची. दंडाचा घेर मोजून कुपोषित मूल ओळखायचं. पांढुरका चट्टा दिसला आणि तिथे टोचलेलं कळत नसेल तर कुष्ठरोगाचा संशय धरायचा, आणि माणसाला दूर न लोटता उपचाराला आणायचं. आपल्याला झेपत नाही असं कधी म्हणायचं आणि जामखेडला कधी पाठवायचं, हेही शिकवायचं.

आणि बैठकीतही जात आडवी आलीच. पहिल्या दिवशी या बाया एका पंगतीला बसायला तयार नव्हत्या. वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या जातींच्या. यावरचे उपाय ऐकण्यासारखे आहेत. छातीचा एक्स-रे दाखवून विचारायचं, यातला वरच्या जातीचा कोणता? रात्री थंडीत मोठमोठी पांघरुणं, एकेका पांघरुणाखाली अनेक जणींनी झोपायचं. उबेसाठी शेजारणीला खेटणं आलंच. व्हॉलीबॉल आणि हापशाच्याच जातकुळीचा हा उपाय: वादात न पडता अशी परिस्थिती निर्माण करायची की वाद घालणाऱ्याची अडचण व्हावी.

या बैठकीने आणखी एक काम केलं, जे अहवालात क्वचित येतं. गावात एकटी पडलेली बाई आठवड्यातून एकदा तिच्यासारख्याच बायांत यायची. गावात सासू ओरडली, सरपंचाने टोमणा मारला, सुईणीने शाप दिला, तरी हे सगळं सांगायला एक जागा होती, आणि तिथे बसलेल्या बाकीच्या जणींनाही तेच सगळं सोसावं लागत होतं. मला वाटतं टिकून राहण्याचं खरं इंधन हेच. मानधनासाठीच त्या आल्या असत्या तर पहिल्या सहा महिन्यांत सोडून गेल्या असत्या. ऊस तोडायला गेलं तर यापेक्षा जास्त मिळत होतं.

तिच्या पाठीशी गावात महिला मंडळ उभं राहिलं आणि शेतकरी मंडळ आधीपासून होतंच. त्यामुळे ती एकटी घरोघर फिरत असली तरी पाण्याच्या टाकीजवळ चिखल साचला तर तो काढायला माणसं होती. मंडळांतून बायांनी बँकेची कर्जं घेतली, शेळ्या पाळल्या, बांगड्या विकायला गावोगाव हिंडल्या. वरच्या थराला नर्स आणि समाजकार्यकर्त्यांचं फिरतं पथक, त्याच्यावर जामखेडचं रुग्णालय. उपचारांसाठी माफक शुल्क घेतलं जाई.

तक्त्याकडे परत

१९७६ सालच्या आकड्यांत फक्त अर्भकमृत्यू पाहू नये. बाळंतपणाआधीची तपासणी ८० टक्के बायांपर्यंत पोहोचली होती; सुरक्षित बाळंतपणं ७४ टक्के. कुटुंबनियोजनाची साधनं वापरणारी जोडपी एक टक्क्याच्याही खालून ३८ टक्क्यांवर. या शेवटच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने एक टीप लिहून ठेवावी: १९७६ हे आणीबाणीचं वर्ष, आणि महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. पुढे राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते बारगळलं, पण वातावरण काय होतं ते कळतं. जामखेडने सक्ती केली असं मी म्हणत नाही. बैठकीतल्या बायांचं काम आणि बाहेरची भीती यांतलं या आकड्यात किती कोणाचं, ते मात्र वेगळं काढता येत नाही.

अर्भकमृत्यूच्या उडीची कारणं त्यामानाने स्पष्ट आहेत. धनुर्वात, जुलाबाने होणारा पाण्याचा क्षय, उपासमारीवर चढलेला गोवर. हे मृत्यू थोड्या ज्ञानाने आणि थोड्या खर्चात टळतात. ते टळले. ५२ पर्यंत दर आला, आणि उरली ती पहिल्या महिन्यातली बाळं: कमी दिवसांची, कमी वजनाची, जंतुसंसर्ग झालेली. त्यांच्यासाठी मीठ-साखर पाणी पुरत नाही. ४९ वर दर का थबकला याचं हे माझं वाचन आहे.

या कोड्याला हात घातला तो गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या बायांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यात जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंतचं काम होतं. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ३९ गावांत नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आला. जामखेडची बाई आणि गडचिरोलीची आरोग्यदूत एकाच कुळातल्या, पण मधल्या वीस वर्षांत तिच्या हातातलं काम पुढे गेलं होतं.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. १७६ ते २६ हा तक्ता प्रकल्पाचा स्वतःचा आहे, आणि त्या काळात सगळ्या महाराष्ट्रातच बालमृत्यू कमी होत होते. शेजारच्या, प्रकल्प नसलेल्या गावांशी तुलना करणारा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१० साली आला. जामखेडच्या गावांत पहिल्या महिन्यानंतर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. तीस टक्के हा खरा आणि मोठा फरक आहे. पण तक्त्याने दाखवलेल्या उंचीपेक्षा तो ठेंगणा आहे, आणि जामखेडवर लिहिणाऱ्या भक्तिभावाच्या लेखांत तो सहसा दिसत नाही.

नक्कल

जामखेडची कीर्ती वेगाने पसरली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूवेल यांच्या संपादनाखाली जगभरातल्या लोकाधारित आरोग्यकामांवर एक पुस्तक काढलं. चीन, क्युबा, टांझानिया यांच्या रांगेत त्यात जामखेडचं प्रकरण होतं. १९७८ च्या सप्टेंबरात तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा झाली; तिच्या तयारीत या अनुभवांचा वाटा होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भारत सरकारने अल्मा-आटाची वाट पाहिली नाही. २ ऑक्टोबर १९७७ ला सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना आली. हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, त्यानंतर महिना ५० रुपये आणि औषधांची पेटी. वरवर पाहता ही जामखेडचीच नक्कल. पण निवडले गेले ते बहुतेक पुरुष. सरपंचाचा पुतण्या, बेकार पदवीधर, दोन इयत्ता जास्त शिकलेला कोणीतरी. बाळंतिणीच्या खोलीत त्याला कोण घेणार? तीन महिने संपले की शिकणंही संपलं. पाठीशी मंडळ नाही, आठवड्याची बैठक नाही, चुकलं तर सांगायला जागा नाही. थोड्याच वर्षांत योजनेचं रूपांतर ५० रुपयांच्या मागणीपत्रकांत झालं: कायम करा, पगार द्या. ती मागणी चूक नव्हती. दुसऱ्या कुठल्याही नात्याने बांधलेलं नसेल तर माणूस पगाराचंच बोलणार. नाव बदलून ग्राम आरोग्य मार्गदर्शक झालं, प्रकरणं कोर्टात गेली, आणि २००२ च्या सुमारास केंद्राने हात काढून घेतला.

सरकारने जामखेडमधून पद उचललं. पद उचलणं सोपं असतं: शासन निर्णय काढता येतो, अंदाजपत्रकात रकमेचा रकाना घालता येतो, जिल्ह्याला उद्दिष्ट देता येतं. दर आठवड्याला बायांना बसवून एका मेलेल्या मुलाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेणं याला कोणता रकाना? त्याला एक माणूस लागतो ज्याला घाई नाही, आणि जिल्हा पातळीवर घाई नसलेला अधिकारी मी तरी पाहिलेला नाही.

मंडळांचं काय झालं

शेतकरी मंडळं ओसरत गेली. सत्तरच्या दशकातली पोरं चाळिशीची झाली, काही पंचायतीत गेली, काही ऊस-कारखान्याच्या राजकारणात. बोअर घेऊन झाले, झाडं लावून झाली, बंधारे बांधून झाले. जे काम डोळ्यांना दिसतं ते संपलं की पुरुषांचा उत्साह आटतो असं मी सरसकट म्हणणार नाही, पण इथे तसं झालेलं दिसतं. पुढे मंडळांची जागा बहुतांशी बचत गटांनी घेतली. बायांची बैठक मात्र चालू राहिली, पंचवीस-तीस वर्षं, त्याच बायांची. पुरुषांचं स्वयंसेवकपण प्रसंगाचं होतं, दुष्काळ आला की धावायचं. बायांचं रोजचं होतं. बाळंतपण दुष्काळ पाहून येत नाही.

प्रकल्प पुढे अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या आदिवासी पाड्यांत गेला. जामखेडला प्रशिक्षण संस्था उभी राहिली, जगभरातून डॉक्टर आणि विद्यार्थी येऊ लागले. त्यांना शिकवायला उभ्या राहत त्यात त्याच बाया होत्या, दुभाष्याच्या मदतीने, नगरी मराठीत. डॉ. मेबल १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ च्या मे महिन्यात. कामाची धुरा पुढच्या पिढीने घेतली. संस्थापक गेल्यावर अशा संस्थांची जी पडझड होते ती जामखेडमध्ये त्या प्रमाणात झाली नाही. याचं श्रेय मी या बायांना देतो.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यासोबत आशा, म्हणजे गावपातळीवरची सरकारी आरोग्य कार्यकर्ती. या वेळी सरकारने जुनी चूक सुधारली: कार्यकर्ता बाईच, त्याच गावातली, तिथेच नांदणारी. डॉ. रजनीकांत त्या अभियानाच्या सुकाणू गटात होते. मोबदला मात्र कामागणिक ठेवला: एवढी बाळंतपणं दवाखान्यात नेली तर एवढे, एवढ्या लशी झाल्या तर एवढे. आशांची बैठक होते, महिन्यातून एकदा, प्राथमिक आरोग्य केंद्रात. जाऊन बसा कधीतरी. रजिस्टरं तपासली जातात, रकाने भरले जातात, कोणाचं उद्दिष्ट अपुरं ते वाचून दाखवलं जातं, आणि एसटी चुकेल म्हणून सगळ्या घाईने उठतात. कोविडच्या काळात याच बाया घरोघर हिंडल्या. जून २०२१ मध्ये त्या राज्यभर संपावर गेल्या, २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा गेल्या. २०२२ साली मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. गौरवाने मोबदल्याचा प्रश्न सुटत नाही, हे दुसऱ्या वर्षीच्या संपाने दाखवून दिलं.

आशाच्या निवडीच्या सुरुवातीच्या, २००५ सालच्या अटी वाचताना एक ओळ मी दोनदा वाचली. उमेदवार किमान आठवी पास असावी. तशी कोणी मिळालीच नाही तर अट शिथिल करायची मुभा. जामखेडच्या पहिल्या तुकडीतल्या ज्या बायांकडे बघून ही योजना सुचली, त्यांच्यातल्या बहुतेक जणींचा अर्ज पहिल्याच छाननीत बाजूला पडला असता.